देवळातले कुंड, गोठ्यातली डोण

माझी मुलगी इंग्लंडात नांदते. त्यामुळे अधूनमधून उन्हाळ्याचे दोन महिने तिच्याकडे काढायचे आणि जावयांना गाडी चालवायचा उत्साह असला की एखादे खेडे पाहून यायचे, असा आमचा क्रम पडून गेला आहे. खेड्यात पोहोचले की बाकीची मंडळी चहाच्या दुकानाकडे वळतात आणि मी चर्चकडे. माझ्या या वेडाची घरात पुष्कळ थट्टा होते. “आजोबा घंगाळे पाहायला निघाले,” असे नातवंडे म्हणतात. थट्टेत तथ्य आहे. मी खरोखरच घंगाळे पाहायला जातो.

चर्चमध्ये लोक पाहतात ते रंगीत काचांच्या खिडक्या, संगमरवरी थडगी, फार तर छताचे लाकूडकाम. पण दारातून आत शिरल्याबरोबर, बहुधा पश्चिमेच्या अंगाला, कमरेइतक्या उंचीच्या दगडी खांबावर एक मोठे पात्र ठेवलेले असते. वर लाकडी झाकण. झाकण उचलून आत डोकावले तर शिशाचा पत्रा मढवलेला खोलगट भाग आणि तळाशी एक भोक. हे बाप्तिस्म्याचे कुंड. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. त्या हद्दीत जन्मलेल्या मुलाला याच कुंडातल्या पाण्याने बाप्तिस्मा द्यायचा, हा तिथला शेकडो वर्षांचा शिरस्ता. इंग्रजीत या कुंडाला ‘फॉन्ट’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ झरा. आपली मुले संगणकावर अक्षरांचे वळण निवडताना ज्या ‘फॉन्ट’चे नाव घेतात, त्याच्याशी याचे काही नाते नाही, तो शब्द धातू वितळवून ओतण्यावरून आला. उच्चार एक, कुळे दोन.

कुंड दारापाशी का, याचे उत्तर सोपे आहे. बाप्तिस्मा म्हणजे धर्मात प्रवेश, म्हणून त्याची जागा प्रवेशद्वाराजवळ. कुंड पुष्कळदा आठ कोनी असते. सृष्टी घडवण्याचे सात दिवस आणि त्यानंतरचा आठवा, म्हणजे नव्या आयुष्याचा दिवस, असा त्या आठाचा अर्थ लावतात. तळाच्या भोकाचीही मौज आहे. त्यातून जाणारे पाणी गटारात जात नाही, सरळ खालच्या जमिनीत मुरते. मंत्रून घेतलेले पाणी भलत्याच्या पायाखाली किंवा हाती जाऊ नये, ही त्यामागची काळजी. तीर्थ सांडू नये म्हणून ओंजळीखाली पदर धरणारी माझी आई मला अशा वेळी आठवते.

पहिल्या पिढीतल्या इंग्रज ख्रिस्त्यांना असली कुंडे नव्हती. रोमहून आलेला साधू ऑगस्टिन इ. स. ५९७ मध्ये केंट परगण्यात उतरला. त्यानंतर काही वर्षांनी उत्तरेत पॉलिनस नावाच्या धर्मगुरूने यीव्हरिंगजवळच्या ग्लेन नदीत ३६ दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांना बाप्तिस्मा दिला, असे बीड नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. नदीतला हा धर्म पुढे चर्चच्या भिंतींच्या आत आला, प्रौढांच्या जागी तान्ही मुले आली, आणि नदीच्या जागी दगडी पात्र आले. तेव्हा मुलाला पाण्यात बुडवून काढायची पद्धत होती, म्हणून जुनी कुंडे चांगली ऐसपैस आणि खोल आहेत. पुढे डोक्यावर पाणी ओतले की भागू लागले आणि कुंडांचे पोट हळूहळू उथळ झाले.

आता कुलपाची गोष्ट. जुन्या कुंडांच्या काठावर समोरासमोर दोन ठिकाणी दगड टवका उडाल्यासारखा तुटलेला दिसतो, किंवा लोखंडी कडीचे गंजके टोक शिशात रुतून बसलेले असते. मला प्रथम ती कोणा व्रात्य पोराची करणी वाटली असती, पण चर्चमधल्या माहितीपत्रकात खुलासा होता. मध्ययुगात कुंडातले पाणी दर वेळी नवे भरत नसत. ईस्टर आणि पेंटेकॉस्ट या सणांना ते विधिपूर्वक मंत्रायचे आणि मग तसेच भरून ठेवायचे. मंत्रलेले पाणी गावात उघडे आहे म्हटल्यावर गाव स्वस्थ कसे बसेल! आजारी गुरांना पाजायला, करणी करायला, करणी उतरवायला लोक ते चोरून नेऊ लागले. शेवटी कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी १२३६ साली हुकूम काढला की जादूटोण्याच्या भयास्तव सगळी कुंडे झाकून कुलूपबंद ठेवावीत. ते तुटके दगड म्हणजे या कुलपांच्या कड्या उपटल्याच्या खुणा. मला या खुणा कोरीवकामापेक्षाही बोलक्या वाटतात. धर्मगुरूंना वाटत होते पाणी आपल्या ताब्यात आहे. आणि गावाला वाटत होते ते आपले आहे.

आणि ते गावाचे होते हे कुंडांवरच्या चित्रांतही दिसते. नॉर्फोक परगण्यात समुद्राकाठी बर्नहॅम डीपडेल नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या चौकोनी कुंडाच्या तीन बाजूंवर बारा कमानी आणि प्रत्येक कमानीत एक महिना, असे बाराव्या शतकातले काम आहे. ते काम काही फार सुबक नाही. माणसे ठेंगणी, डोकी मोठी, हातपाय बाहुलीसारखे. पण एकदा त्यांच्यासमोर उभे राहिले की पाय निघत नाही. जानेवारीत एक गडी शिंगातून मद्य पितो आहे. फेब्रुवारीत बिचारा पाय शेकत बसला आहे. मार्चमध्ये जमीन खणतो, एप्रिलमध्ये छाटणी करतो, मे महिन्यात हाती निशाण घेऊन शिवेवरून मिरवणुकीत चालतो. जून आला की खुरपणी, जुलैत लांब दांड्याच्या विळ्याने गवतकापणी, ऑगस्टात पेंढी बांधणे, सप्टेंबरात मळणी. नोव्हेंबरात डुक्कर मारायचे, आणि डिसेंबरात चौघे जण टेबलाशी जेवायला बसलेले. साधुसंत नाहीत, देवदूत नाहीत. ज्या मुलाला या कुंडाशी आणायचे, त्याला पुढे आयुष्यभर काय करायचे आहे ते जणू आधीच दगडात लिहून ठेवलेले. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कोणाही माणसाला ही भाषा शिकवावी लागत नाही.

बारा महिन्यांचे असेच आणखी एक कुंड केंट परगण्यात ब्रूकलंडला आहे, पण ते दगडाचे नाही, शिशाचे. त्यात महिन्यांची कामे खालच्या ओळीत आणि राशींची चित्रे वरच्या ओळीत आहेत : कर्क, सिंह, तूळ, वृश्चिक, आपल्या ओळखीच्याच साऱ्या. गंमत अशी की कुंडाच्या घेरात कमानी बसल्या वीस आणि महिने तर बाराच. तेव्हा कारागिराने बारा संपल्यावर आठ महिने पुन्हा एकदा छापून घेर पुरा केला. कापड उरले म्हणून तोच काठ पुन्हा लावणारा आमचा जुना शिंपी त्याला भेटला असता तर दोघांचे चांगले जमले असते.

या कारागिरांची नावे बहुधा कोणी टिपून ठेवली नाहीत. म्हणून उत्तरेकडे, कंब्रियातल्या ब्राइडकर्कच्या कुंडाचे मला अप्रूप आहे. त्यावर रून नावाच्या जुन्या उत्तरी लिपीत, तेव्हाच्या इंग्रजी बोलीत, एक ओळ कोरली आहे. मला रिचर्डने घडवले, असे कुंड स्वतःच तीत सांगते. जवळच हातोडी आणि छिन्नी घेऊन काम करणारा एक माणूस कोरला आहे. तोच रिचर्ड, असे मानतात. आठशेहून अधिक वर्षे तो त्या कामावर हजर आहे.

सगळाच माल मात्र गावठी नव्हता. आजच्या बेल्जियममधल्या तूर्ने गावच्या काळ्या दगडाची बाराव्या शतकातली सात कुंडे इंग्लंडात आहेत. हे धूड समुद्रातून आणि नद्यांतून गलबतांवर लादून आणले. सातांतली चार एकट्या हँपशर परगण्यात आहेत, आणि त्यांतले ईस्ट मीऑनचे कुंड मला सर्वांत आवडते. त्यावर आदम आणि हव्वा यांना नंदनवनातून हाकलल्याचे चित्र आहे, आणि नंतर देवदूत आदमला जमीन खणायला शिकवतो आहे, हव्वा सूत काततेय. हाकलून देऊन वर काम शिकवायला माणूस पाठवणारा देव मला मोठा कुटुंबवत्सल वाटला.

उलट डॉर्सेटमधल्या मेलबरी बब या गावाने काटकसर केली. तिथल्या कुंडावरचे हरीण, सिंह आणि इतर जनावरे डोके खाली आणि पाय वर अशा स्थितीत आहेत. कारण उघड आहे. ते मुळात कुंड नव्हतेच. एका जुन्या सॅक्सन क्रुसाचा निमुळता खांब कोणी तरी उलटा केला आणि त्याचा जाड बुंधा कोरून त्यात पाणी भरले. चांगला दगड वाया घालवायचा नाही, हा शहाणपणा जगभर सारखाच.

इथवर कुंडांचे दिवस बरे गेले. पंधराव्या शतकात नॉर्फोक आणि सफोक परगण्यांत लोकरीच्या व्यापाराचा पैसा होता. तिथल्या गावांनी आठ कोनांची देखणी कुंडे घडवून घेतली. सात बाजूंवर चर्चचे सात संस्कार (बाप्तिस्मा, दृढीकरण, पापनिवेदन, प्रभुभोजन, विवाह, धर्मदीक्षा आणि मरणसमयीचे तैलमर्दन) आणि आठव्या बाजूवर ख्रिस्ताच्या चरित्रातला एखादा प्रसंग. अशी चाळीसेक कुंडे आजही आहेत, पण त्यांतले धड चेहऱ्याचे माणूस शोधावे लागते. सोळाव्या शतकात इंग्लंडने रोमच्या पोपशी संबंध तोडले. नव्या मताप्रमाणे ग्रंथाधार असलेले संस्कार दोनच उरले. बाकीचे पाच दगडावर दिसणेही डोळ्यांत खुपू लागले. छिन्नीने कोरलेले चेहरे हातोडीने उडवले गेले.

पाण्याचेही नियम बदलले. १५४९ च्या नव्या प्रार्थनाग्रंथाने पाणी निदान महिन्यातून एकदा तरी बदलायला लावले. जहाल मंडळींना तेवढ्याने समाधान होईना. त्यांना कुंडच नको होते. टेबलावर एक तस्त ठेवा, त्यात विहिरीचे पाणी ओता आणि लोकांसमोर बाप्तिस्मा उरका, असे त्यांचे म्हणणे. एलिझाबेथ राणी या बाबतीत ठाम होती. १५६१ साली तिने आज्ञा केली की कुंड आपल्या जागेवरून हलवू नये. पाच वर्षांनी आर्चबिशपांनाही बजावावे लागले की तस्तात बाप्तिस्मा देऊ नका. एकाच गोष्टीची मनाई पुन्हा पुन्हा होते तेव्हा ती गोष्ट सर्रास चालू होती असे खुशाल समजावे.

राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीत मात्र कुंडांची पाठराखण करायला कोणी राणी नव्हती. १६४३–४४ साली विल्यम डाउसिंग नावाचा एक गृहस्थ पार्लमेंटच्या पक्षाचा हुकूम खिशात घालून केंब्रिज आणि सफोक परगण्यांतून फिरला. चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रे फोडायची हे त्याचे काम, आणि काय काय फोडले याची तो रोजनिशी ठेवी! सफोकमधल्या उफर्ड गावी कुंडावर एक लाकडी झाकण आहे. झाकण कसले, अठरा फूट उंचीचा कोरीव मनोराच. खालचा भाग वर सरकून वरच्या भागाला झाकतो आणि पाण्याची वाट मोकळी होते, अशी त्याची रचना. शेंड्यावर पेलिकन पक्षी स्वतःच्या छातीचे रक्त पिलांना पाजतो आहे. १६४४ च्या ऑगस्टमध्ये डाउसिंग तिथे आला तेव्हा चर्चच्या कारभाऱ्यांनी त्याला दोन तास बाहेर ताटकळत ठेवले. शेवटी तो आत गेला, त्याने पुष्कळ काही पाहिले, झाकणाची उपमा पोपच्या तिहेरी मुकुटाशी दिली, म्हणजे त्याच्या लेखी ती घोर निंदाच, आणि तरीही ते झाकण तसेच राहू दिले. का, ते त्याच्या रोजनिशीत नाही. दोन तास दार अडवून उभे राहिलेले ते कारभारी मला मात्र डोळ्यांसमोर दिसतात. सरकारी हुकमापुढे किल्ली सापडत नाही म्हणण्याची कला आपल्याही गावच्या पाटलांना चांगली साधते.

पुढच्याच वर्षी, १६४५ मध्ये, नवी उपासनापद्धत जाहीर झाली. बाप्तिस्मा सर्व मंडळीसमोर द्यावा, जुन्या कुंडाच्या जागी देऊ नये, असा तिच्यात नियम होता. मग गावोगाव तस्ते आली आणि कुंडे बाहेर पडली. शिशाची होती त्यांना वितळण्याची भीती, कारण लढाईत गोळ्यांना शिसे लागते. दगडाचे असले तर ते कुठे जाणार? जिथे पाणी लागते तिथे. विहिरीपाशी, गोठ्यात, परसात. कुंडाची डोण झाली. माझ्या आजोळी विहिरीजवळ गुरांना पाणी पाजायची जी दगडी डोण होती, तिच्या पलीकडे त्याला काही मान उरला नाही. १६६० मध्ये राजा परत गादीवर आला आणि कुंडेही परतू लागली. जिथे जुनी सापडेनात तिथे नवी घडली. सतराव्या शतकाच्या साठीतले साल कोरलेली साधी, घाईने केलेली कुंडे म्हणूनच इतक्या ठिकाणी दिसतात. त्यानंतरच्या शतकाने नाजूक संगमरवरी वाट्या आणल्या. त्यांच्याबद्दल फार लिहावे असे मला वाटत नाही. त्या दिवाणखान्यात शोभल्या असत्या.

हरवलेली माणसे जत्रेत सापडावीत तशी कुंडे सापडू लागली ती एकोणिसाव्या शतकात. १८३९ साली केंब्रिजच्या काही तरुणांनी जुन्या चर्चवास्तूंच्या अभ्यासासाठी एक मंडळ काढले. त्यांचे वेड लवकरच देशभर पसरले आणि पाद्री मंडळी शेजाऱ्यांच्या परसांकडे संशयाने पाहू लागली. ग्लॉस्टरशर परगण्यात सेव्हर्न नदीकाठी डीअरहर्स्ट नावाचे गाव आहे. तिथले चर्च नॉर्मन लोक येण्याच्याही आधीचे, सॅक्सन काळातले. १८४० नंतरच्या काही वर्षांत जवळच्या एका शेतवाडीवर कपडे धुण्याचे एक दगडी टब जाणत्यांच्या नजरेस पडले. साबणाच्या फेसाखाली वेटोळ्यांची आणि वेलबुट्टीची अशी नक्षी होती की पाहणारा जागीच थांबला. ते कुंड नदीपलीकडच्या लाँगडन गावच्या चर्चला मिळाले. पुढे नदीकाठच्या एका बागेत दगडाचा एक खांब सापडला. त्याच्यावरही तीच वेटोळी. १८७० च्या सुमारास दोघांची गाठ घालून देण्यात आली आणि कुंड डीअरहर्स्टला परत आले. आज ते तिथे उभे आहे. नवव्या शतकाच्या अखेरीचे मानतात, आणि इंग्लंडातल्या सॅक्सन कुंडांत त्याच्या तोडीचे दुसरे नाही असे जाणकार म्हणतात. मी बराच वेळ त्याच्याभोवती फिरलो. देवळातून निघून पुन्हा देवळात यायला लागलेली ती वर्षे धुणाऱ्या बायकांनी त्याला बरे सांभाळले म्हणायचे. एकही वेटोळे पुसलेले दिसत नाही.

शेक्सपिअरचे नाव काढल्याशिवाय इंग्लंडवरचा लेख पुरा होत नाही, आणि इथे तर ते काढायला सबळ कारण आहे. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये त्याच्या थडग्याशेजारी एका फुटक्या मध्ययुगीन कुंडाचा वरचा भाग ठेवला आहे. तेही मधल्या काळात चर्चबाहेर पडून होते. २६ एप्रिल १५६४ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला तो या कुंडात, असे मानतात. त्याच्या जन्माची तारीख कोणीच लिहिली नाही. आपण जी २३ एप्रिल धरतो ती बाप्तिस्म्याच्या तारखेवरून मागे मोजून. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढून प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायला लावली नसती, तर तेही हाती लागले नसते. दगड आणि वही ही जोडी त्या वेळेपासून जमली. कुंडाशी नाव मिळायचे आणि वहीत ते राहायचे.

या वह्यांत आपली माणसेही आहेत. शेक्सपिअर वारला त्याच वर्षी, २२ डिसेंबर १६१६ रोजी, लंडनच्या फेनचर्च रस्त्यावरच्या सेंट डायोनिस बॅकचर्च या पॅरिश चर्चमध्ये बंगालच्या उपसागराकडून आणलेल्या एका हिंदी तरुणाचा बाप्तिस्मा झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरच्या पॅट्रिक कोपलंड या पाद्र्याने त्याला शिकवून तयार केले होते. त्याचे नवे नाव पीटर. ते खुद्द जेम्स राजाने निवडले. लंडनचे मेयर आणि कंपनीचे बडे लोक समारंभाला हजर होते. पीटर लॅटिनमध्ये पत्रे लिही, आणि त्यांतली काही छापलीही गेली. एवढी सगळी हकीकत उरली, पण त्याच्या आईबापांनी त्याला काय हाक मारली होती ते मला कुठेच आढळले नाही. ते चर्च १६६६ च्या लंडनच्या आगीत गेले. जळाल्यावर क्रिस्टोफर रेनने नवे बांधले, तेही १८७८ साली पाडले. त्यातले कुंड पश्चिम लंडनमधल्या पार्सन्स ग्रीनच्या सेंट डायोनिस चर्चमध्ये नेऊन बसवले आहे. पीटरवर पाणी शिंपडले ते हे कुंड नव्हे, हे आगीनंतरचे.

तान्ह्या मुलांसाठीच्या विधीत प्रौढ माणूस कसा बसवायचा, हा प्रश्न तेव्हा होताच. यादवीच्या काळात कितीक मुले बाप्तिस्म्यावाचून वाढली होती. म्हणून १६६२ च्या प्रार्थनाग्रंथात जाणत्या वयाच्या माणसांसाठी वेगळा विधी घातला गेला. त्याच्या प्रस्तावनेत आणखी एक उपयोग सांगितला आहे : इंग्रजांच्या वसाहतींमधल्या एतद्देशीयांना बाप्तिस्मा देण्यासाठीही तो कामी येईल. प्रस्तावना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर समुद्रापलीकडचे देश होते. तिथल्या कोणी विदुषीने स्वतःच जहाजाने येऊन इंग्लंडच्या कुंडासमोर उभे राहावे, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येला वाँटेज नावाचे बाजारगाव आहे. आल्फ्रेड राजाचा जन्म तिथला. चौकात त्याचा पुतळा १८७७ पासून उभा आहे. याच आल्फ्रेडने ८७८ साली गथ्रम या डेन राजाला लढाईत हरवले आणि मग त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचा धर्मपिता म्हणून उभा राहिला. जिंकलेल्याने हरलेल्याला कुंडाशी आणायचे, ही जुनी राजनीती. वाँटेजला मी गेलो तो आल्फ्रेडसाठी नव्हे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथल्या पॅरिश चर्चमध्ये पंडिता रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

रमाबाईंची हकीकत मराठी घरांत ठाऊक आहे. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी. दुष्काळात आईबाप गेले. भावाबरोबर पायी देश हिंडली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती म्हटले. बंगाली वकिलाशी लग्न झाले आणि दोन वर्षांत वैधव्य आले. पुण्याला येऊन तिने आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले आणि १८८३ मध्ये मुलीला घेऊन विलायत गाठली. वाँटेजच्या सिस्टर्सच्या मठाची पुण्यात शाखा होती, त्या ओळखीने ती तिथे राहिली. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने तिथेच आत्महत्या केली. त्या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांत हा बाप्तिस्मा झाला. पुण्याला बातमी पोहोचताच काय गहजब झाला, तो त्या वेळच्या वर्तमानपत्रांत वाचावा. काल जिच्या व्याख्यानांना माना डोलावल्या, तिला सुधारकही ओळख देईनात. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’ काढून तिची बाजू घेतली.

मी त्या चर्चमध्ये शिरलो तेव्हा आत कोणी नव्हते. तिथे उभे राहून मला प्रार्थनाग्रंथातले ते दोन विधी आठवले. मुलाच्या विधीत प्रश्न विचारले जातात ते धर्ममातापित्यांना. मूल काही बोलत नाही. जाणत्या माणसाच्या विधीत उत्तरे ज्याची त्याने द्यायची. मनोरमा तेव्हा अडीच वर्षांचीही नव्हती. तिच्या वतीने दुसऱ्यांनी होकार दिला असणार. आईला मात्र, परक्या देशात, परक्या भाषेत, आपला होकार आपणच द्यायचा होता. आपल्या लोकांशी संबंध तुटणार हे पक्के ठाऊक असताना तो देणे सोपे नव्हते. पीटरसारखा तिचा नावाचा हक्क मात्र कोणा राजाने घेतला नाही. मेरी हे नाव जोडले गेले, पण जगाने तिला रमाबाईच म्हटले.

सिस्टर मंडळींना वाटले असेल की आता ही आपली झाली. पण रमाबाईंनी उत्तरे दिली होती ती त्या विधीपुरती. त्यानंतर प्रश्न विचारायची पाळी त्यांची. पुढची दोन-तीन वर्षे सिस्टर जेरल्डिन यांच्याशी आणि चेल्टनमच्या कॉलेजातल्या मिस बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या चर्चच्या एकेका सिद्धान्ताची झडती घेतात, बिशपांचे म्हणणे सरसकट का मानावे असे विचारतात. खाण्यातले सोवळे त्यांनी सोडले नाही. अंडे घातलेले पक्वान्नही त्यांना चालत नसे, आणि याचा सिस्टरबाईंना भारी त्रास होई. क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, त्यांवरूनही वाद झाला. लॅटिन ना इंग्रजांची बोली, ना आमची. मग ती अक्षरे संस्कृत का नसावीत, असे रमाबाईंचे म्हणणे. हा सारा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने छापून निघाला आहे. मूळ पत्रे इंग्रजीत आहेत. ज्यांना जमेल त्यांनी ती मुळातूनच वाचावीत.